रँग्लर परांजपे : रोजच्या अभ्यासातून घडलेले एक जीवन

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी मुख्याध्यापिकेने काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाकडून आली. शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीवर या अंकात इतरांनी अधिकाराने लिहिले आहे. म्हणून ज्या एका प्रश्नासाठी पालक वर्षानुवर्षे माझ्या कार्यालयाची पायरी चढत आले आहेत, त्याविषयी लिहावे असे मी ठरविले. तो प्रश्न अकरावी-बारावीच्या गणिताचा आहे. दहावीचा निकाल हाती आला की आपल्या मुलाला वा मुलीला गणित झेपेल काय, याची काळजी घराघरांत सुरू होते. आमच्या घराण्यात गणित कोणालाच आले नाही, मग या मुलीला कोठून येणार, असे सांगून कित्येक पालक विषय बदलण्याचा अर्ज पुढे करतात.

असा एक अर्ज माझ्या स्मरणात कायमचा राहिला आहे. मी नुकतीच शिक्षिका झाले होते. अकरावीतील एका मुलीने पहिल्या चाचणीत गणितात फारच थोडे गुण मिळविले आणि ती विषय बदलण्याचा अर्ज घेऊन आली. तिची वही मी उघडूनही पाहिली नाही. पाच मिनिटांत अर्जावर शिफारस लिहून मोकळी झाले. पुढे अनेक वर्षांनी तीच मुलगी पालक म्हणून माझ्यासमोर बसली होती. तिने तक्रारीचा शब्द काढला नाही. आपल्या मुलीवर तसा अर्ज करण्याची वेळ आली, तर आधी तिची वही पाहावी, एवढीच विनंती तिने केली. त्या विनंतीने मी खजील झाले. गणित येणे हा जन्मजात वाटा आहे, या समजुतीने मी त्या मुलीचा निर्णय केला होता. ही समजूत किती पोकळ आहे, हे ज्यांच्या चरित्रावरून मला उमगले, त्या रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांची कथा आज सांगावीशी वाटते. त्यांच्या आयुष्यातील सहा वर्षे आपल्याच प्रांतात, लखनौ येथे गेली. म्हणून मऊरानीपूरच्या वाचकांना ते अगदीच परके नाहीत.

रघुनाथरावांचा जन्म १६ फेब्रुवारी १८७६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यातील आंजर्ल्याजवळच्या मुर्डी या लहानशा गावी झाला. समुद्र, नारळी-पोफळीची आगरे आणि पावसाळ्यात जगापासून तुटणाऱ्या वाटा, असा तो प्रदेश. झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गावही याच रत्नागिरी जिल्ह्यातले. कोकणातून पोटासाठी व पराक्रमासाठी बाहेर पडलेल्या घराण्यांतील काहींनी बुंदेलखंड गाठले, तर पुढच्या पिढ्यांतील काहींनी मुंबई-पुण्याची विद्यालये. आपल्या शाळेतील अनेक कुटुंबांच्या पूर्वजांची वाट आणि रघुनाथरावांची वाट एकाच मातीतून निघाली होती, असे म्हणता येईल.

त्या काळच्या गावशाळांत गणिताचा पाया पाठांतराने घातला जाई. पाढे तर होतेच. शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी यांची उजळणी मुले एका सुरात करीत. आज या पद्धतीला आपण हसतो. केवळ घोकंपट्टीने गणित येत नाही, हे खरेच आहे. तथापि बारावीच्या वर्गात कलनाचे उदाहरण सोडविताना जो विद्यार्थी अपूर्णांकांच्या बेरजेपाशी अडतो, त्याची शक्ती खालच्या पायरीवरच खर्च होते आणि वरच्या पायरीचा विचार करण्यास मन मोकळे राहत नाही. माझ्या अनुभवात अकरावीत गणित कठीण जाणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची खरी अडचण आठवी-नववीच्या बीजगणितात असते. कंस सोडविणे, चिन्ह बदलणे, अवयव पाडणे, घातांकांचे नियम या गोष्टी हातात बसलेल्या नसतात. म्हणून अशा मुलाने प्रथम मागे जावे. दोन-तीन आठवडे जुन्या इयत्तेची पुस्तके काढून सराव करण्यात कमीपणा नाही. पाया खचलेला असताना वर मजला चढविण्यात मात्र धोका आहे.

रघुनाथरावांच्या जीवनाला वळण लावणारा माणूस त्यांच्या नात्यातच होता. तो म्हणजे धोंडो केशव कर्वे, म्हणजेच पुढे महर्षी म्हणून सर्वांना वंद्य झालेले अण्णासाहेब. ते रघुनाथरावांचे नात्याने थोरले बंधू आणि वयाने सुमारे अठरा वर्षांनी मोठे. अण्णासाहेबांचे स्वतःचे विद्यार्जन अतिशय कष्टाचे होते. कुमारवयात एका परीक्षेला बसण्यासाठी ते भर पावसात मुरूडहून घाट ओलांडून पायी साताऱ्यास गेले. तेथे पोचल्यावर ते वयाने लहान दिसतात, या कारणास्तव त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. तेवढीच वाट तुडवीत ते परत आले. पण शिक्षण त्यांनी सोडले नाही. १८८४ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून गणित घेऊन ते पदवीधर झाले आणि मुंबईत गणित शिकवून व खाजगी शिकवण्या करून संसार चालवू लागले. त्यांनी रघुनाथला मुंबईस आपल्यापाशी आणले आणि मराठा हायस्कुलात घातले.

या घटनेकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे, अशी माझी विनंती आहे. त्या बिऱ्हाडी श्रीमंती नव्हती. परंतु ज्या घरात एक प्रौढ माणूस रोज ठरल्या वेळी पुस्तक घेऊन बसतो, त्या घरात मुलाला अभ्यासाविषयी वेगळे प्रवचन ऐकवावे लागत नाही. अण्णासाहेबांना गणित येत होते, हे रघुनाथचे भाग्य खरे; पण ज्या घरी कोणालाही गणित येत नाही, तेथेही हे वातावरण निर्माण करता येते. आपल्या गावात यंत्रमागांचा आवाज दिवसभर असतो आणि घरे लहान असतात, याची मला जाणीव आहे. तरीही संध्याकाळी एक तास दूरचित्रवाणी बंद, भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत आणि घरातील मोठ्यांपैकी कोणी तरी हिशेबाची वही वा वर्तमानपत्र घेऊन शेजारी बसलेले, एवढे करणे बहुतेक घरांना शक्य आहे. मुलाने आज कोणते उदाहरण सोडविले, ते आपल्याला समजावून सांगण्यास सांगावे. आईला ते कळले नाही तरी चालेल. सांगताना मुलगा कोठे अडखळतो, हे त्याचे त्यालाच कळते.

१८९१ साली अण्णासाहेब पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. टिळक ज्या संस्थेतून नुकतेच बाहेर पडले होते, तेथे गणिताच्या अध्यापनाची जागा भरून काढण्यासाठी त्यांना बोलावणे आले होते. रघुनाथरावांचे महाविद्यालयीन शिक्षण याच संस्थेत झाले. त्या काळी तेथे गोपाळ कृष्ण गोखले शिकवीत होते. गोखल्यांनीही एका सहकाऱ्याच्या साहाय्याने अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले होते आणि ते अनेक वर्षे शाळांतून चालले. राजकारण, समाजसुधारणा आणि अंकगणित या तिन्ही गोष्टी एकाच छपराखाली गंभीरपणे चालत होत्या. अशा सहवासात रघुनाथराव वाढले. विद्यापीठाच्या परीक्षांत त्यांनी नाव मिळविले आणि १८९६ साली हिंदुस्थान सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडला, केंब्रिज येथील सेंट जॉन्स महाविद्यालयात दाखल झाले.

केंब्रिजच्या गणित परीक्षेला ट्रायपॉस असे नाव आहे. त्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यास रँग्लर म्हणत आणि त्यांतील सर्वप्रथम येणाऱ्यास सीनियर रँग्लर. या शब्दाचा मूळ अर्थ वाद घालणारा असा आहे. जुन्या काळी तेथे लेखी उत्तरपत्रिका नव्हत्या. विद्यार्थ्याला विद्वानांसमोर उभे राहून आपल्या विधानाचे समर्थन करावे लागे आणि आक्षेपांना उत्तरे द्यावी लागत. पुढे परीक्षा लेखी झाली, परंतु नाव तेच राहिले. मला या नावात अभ्यासाचे मर्म दिसते. गणित शिकणे म्हणजे पुस्तकाशी वाद घालणे. ही पायरी का आली, ही अट कशासाठी घातली, ती काढली तर काय बिघडेल, हे विचारल्याशिवाय पुढे न जाणे.

एक साधे उदाहरण घेऊ. वर्गसमीकरणाचे सूत्र सर्वच विद्यार्थ्यांना पाठ असते. ते सूत्र पूर्ण वर्ग करण्याच्या रीतीतून कसे निघते, हे ज्याने एकदा स्वतःच्या हाताने कागदावर करून पाहिले, त्याला परीक्षेच्या दडपणाखाली सूत्रातील चिन्ह आठवेनासे झाले तरी भीती वाटत नाही. तो दोन मिनिटांत ते पुन्हा मिळवितो. शिवाय वर्गमुळाखालची राशी ऋण झाली तर वास्तव उत्तर का मिळत नाही, हेही त्याला आपोआप समजते. ज्याने केवळ पाठ केले, त्याच्यापाशी एक सूत्र असते. ज्याने वाद घातला, त्याच्यापाशी त्यामागचा विचार असतो. अकरावी-बारावीत सूत्रे इतकी वाढतात की पाठांतराची पिशवी अखेर फाटतेच.

ट्रायपॉसची तयारी अतिशय कडक असे. परीक्षा अनेक दिवस चाले. प्रश्न कठीण आणि वेळ अपुरा. म्हणून विद्यार्थी खाजगी मार्गदर्शकांकडे लहान लहान गटांत जात. हे मार्गदर्शक केवळ व्याख्यान देऊन थांबत नसत. ते नियमाने उदाहरणांचे कागद देत, वेळ लावून सोडवून घेत आणि चुका दाखवून परत करीत. दुपारनंतर मोकळ्या हवेत दूरवर फिरावयास जाणे किंवा एखादा खेळ खेळणे, हाही तेथील मेहनती विद्यार्थ्यांच्या दिनक्रमाचा भाग होता. रात्र-रात्र जागून शेवटच्या महिन्यात सारे उरकण्याची कल्पना त्या शिस्तीत बसणारी नव्हती.

ही रीत आपल्या मुलांच्या दिनक्रमात कशी उतरवावी? शाळेत आम्ही ती पुढीलप्रमाणे सांगतो. रोज एक तास गणित, आठवड्यातून एखादा दिवस सोडला तरी चालेल. पण रविवारी सहा तास बसणे हा रोजच्या एका तासाचा पर्याय होऊ शकत नाही. वर्गात शिकविलेला भाग त्याच दिवशी उघडावा. वर्गात फळ्यावर सोडविलेले उदाहरण वही मिटून पुन्हा सोडवून पाहावे. फळ्यावर समजले म्हणजे आपल्याला आले, हा सर्वांत मोठा भ्रम आहे. नवे उदाहरण घेतल्यावर किमान पंधरा-वीस मिनिटे स्वतः झगडावे आणि मगच उत्तराचे पान उलटावे. आकृती काढावी, दिलेल्या गोष्टी एका बाजूला मांडाव्यात, सोप्या संख्या घालून पाहाव्यात. तरीही न सुटल्यास उत्तरातील फक्त पहिली ओळ पाहून पुस्तक बंद करावे. मार्गदर्शिकेतील उत्तर सुवाच्य अक्षरात उतरवून काढणे म्हणजे अभ्यास नव्हे. त्यात हात थकतो आणि डोके विसावलेले राहते. परीक्षा जवळ आल्यावर एकाच प्रकरणाची वीस उदाहरणे सलग सोडविण्यापेक्षा निरनिराळ्या प्रकरणांची मिसळ करावी, घड्याळ समोर ठेवावे. कोणती रीत लावावी हे ओळखणे हीच परीक्षेतील अर्धी लढाई आहे, आणि सलग एकाच प्रकरणाच्या सरावात ती ओळख घडतच नाही.

याखेरीज एक चुकांची वही ठेवावी. चुकलेले प्रत्येक उदाहरण तीत तारखेनिशी लिहावे आणि चूक कोणत्या जातीची होती, हे एका ओळीत नमूद करावे : कल्पना समजली नव्हती, चिन्ह चुकले, प्रश्न नीट वाचला नाही, की वेळ कमी पडला. आठवड्याने ते उदाहरण पुन्हा सोडवावे. आपल्या गावातील विणकरांच्या मुलांना हे फार समजावून सांगावे लागत नाही. मागावर उभा धागा तुटला तर तो तेथल्या तेथे सांधावा लागतो. दुर्लक्ष केले तर दोष कापडाच्या लांबीभर पुढे जात राहतो. चूक लपविणारा विद्यार्थी तोच दोष बारावीपर्यंत पुढे नेत असतो.

१८९९ साली ट्रायपॉसचा निकाल लागला आणि रघुनाथराव परांजपे हे जॉर्ज बर्टव्हिसल यांच्यासह संयुक्तपणे सीनियर रँग्लर ठरले. त्यापूर्वी १८७४ साली आनंदमोहन बोस हे पहिले हिंदी रँग्लर झाले होते. परंतु सर्वप्रथम येण्याचा मान मिळविणारे परांजपे हे पहिलेच भारतीय. तीनच वर्षांपूर्वी रणजितसिंहांनी इंग्लंडच्या क्रिकेटच्या मैदानावर नाव गाजविले होते. आता मुर्डीच्या मुलाने गणिताचे मैदान मारले होते. पारतंत्र्याच्या त्या काळात हिंदी माणसाची बुद्धी दुय्यम असते, असे मानणारे पुष्कळ होते. त्यांना हे मुकाट उत्तर होते. तेव्हापासून रँग्लर हे बिरूद त्यांच्या नावाला असे जडले की पुढे सरकारने दिलेल्या सर या पदवीलाही ते मागे सारता आले नाही.

येथे मुलींच्या पालकांसाठी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. याच परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीने सीनियर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले होते. स्त्रियांना क्रमवारीत स्थान देण्याची तेव्हा प्रथा नव्हती. म्हणून सीनियर रँग्लरच्या वर, असा तिचा उल्लेख करून निकाल वाचण्यात आला. तरीही मुलींचे डोके गणितात चालत नाही, हे वाक्य आपल्या घरांतून अजून ऐकू येते. मीच ते एका मुलीला उच्चारून नव्हे, तर सही करून ऐकविले होते.

क्रमांकाचेही स्तोम माजवू नये. लॉर्ड केल्व्हिन आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे दोघे थोर शास्त्रज्ञ या परीक्षेत दुसरे आले होते, आणि रामानुजनांचे पाठीराखे प्राध्यापक हार्डी १८९८ साली चौथे. हार्डींसारख्यांना ही चढाओढ गणिताला अपायकारक वाटे. १९०९ नंतर क्रमवार यादी प्रसिद्ध करणे बंदच झाले. स्वतः परांजप्यांची कीर्तीही नव्या सिद्धांतांच्या संशोधनावर उभी नाही. ती उभी आहे पहिला क्रमांक मिळाल्यावर त्यांनी जे केले त्यावर.

त्या यशानंतर त्यांना सरकारी नोकरीत वा परदेशात मोठी जागा मिळणे कठीण नव्हते. १९०१ साली सेंट जॉन्स महाविद्यालयाने त्यांना आपले फेलो निवडले होते. परंतु ते पुण्यास परतले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद म्हणून फर्ग्युसनमध्ये गणित शिकवू लागले. आजीव सभासदाने वीस वर्षे सेवा करावी आणि दरमहा पंचाहत्तर रुपयांवर भागवावे, असा त्या संस्थेचा दंडक होता. १९०२ साली वयाच्या सव्विसाव्या वर्षी प्राचार्यपदाची धुरा त्यांच्याकडे आली आणि सुमारे दोन दशके त्यांनी ती वाहिली. गणिताचे शिखर गाठून आलेला माणूस पहिल्या वर्षाच्या मुलांना बीजगणित शिकवीत होता. ज्या संस्थेने आपल्याला घडविले, तिच्याकडे परत जाण्याचा हा धडा आपल्या माजी विद्यार्थ्यांपुढे मांडावासा वाटतो. दरवर्षी दिवाळीत गावी येणाऱ्या अभियंत्याने वा बँक अधिकाऱ्याने शाळेत येऊन बारावीच्या चार मुलांसोबत दोन तास उदाहरणे सोडविली, तर तीही परतफेडच आहे.

१९०७ साली भारतात गणितप्रेमींची एक संस्था स्थापन झाली आणि पुढे ती इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. तिच्या ग्रंथालयाला फर्ग्युसन महाविद्यालयात आसरा मिळाला. दूरदूरच्या गावी एकाकी काम करणाऱ्या गणित शिक्षकांना पुस्तके व नियतकालिके मिळण्याची ती मोठीच सोय होती. अभ्यास एकट्याने करावयाचा असतो. पण तो टिकतो तो सोबतीच्या आधारावर, हे त्यामागचे सूत्र. आमच्या मुलांना मी तीन-चार जणांचे अभ्यासमंडळ करण्यास सांगते. प्रत्येकाने आधी घरी एकट्याने प्रयत्न करावा आणि मग एकत्र बसून अडलेले सोडवावे. क्रम उलटा झाला, तर एक जण सोडवितो आणि बाकीचे उतरवून घेतात.

१९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ सुरू केले. रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्याचे कुलपती झाले आणि कुलगुरुपद परांजप्यांनी स्वीकारले. या विद्यापीठाचे वैशिष्ट्य असे की तेथील शिक्षण मातृभाषेतून दिले जाई. केंब्रिजमध्ये इंग्रजीतून सर्वप्रथम आलेला विद्वान मराठीतून शिकविणाऱ्या विद्यापीठाचा धुरीण झाला, यात विसंगती नव्हती. विचार ज्या भाषेत प्रथम स्फुरतो, त्या भाषेत तो पक्का होतो. नंतर त्याला दुसऱ्या भाषेचा पोशाख चढविता येतो. घरात मराठी, बाजारात बुंदेली आणि पुढील शिक्षणात हिंदी-इंग्रजी, अशा चार प्रवाहांत पोहणाऱ्या आपल्या मुलांसाठी हे आश्वासक आहे. मात्र त्यासाठी थोडी तयारी हवी. प्रत्येक नव्या संज्ञेचा मराठी, हिंदी व इंग्रजी शब्द वहीच्या शेवटच्या पानावर शेजारी शेजारी लिहून ठेवावा. कल्पना ओळखीची असूनही केवळ शब्द अनोळखी म्हणून प्रश्न सुटला नाही, असे होऊ नये.

परांजप्यांच्या नावाने फर्ग्युसनमध्ये गणिताचे एक पारितोषिक होते. १९२७ साली ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर या विद्यार्थ्याला मिळाले. हे कापरेकर पुढे १९३० ते १९६२ पर्यंत नाशिकजवळच्या देवळाली येथे साधे शाळाशिक्षक होते. मोठ्या पदव्या नाहीत, हाताशी साधने नाहीत, तरी आकड्यांशी खेळण्याचा छंद त्यांनी सोडला नाही. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या; तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करा; आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते आणि तेथेच थांबते. ३५२४ पासून आरंभ केला, तर ३०८७, मग ८३५२ आणि मग ६१७४. ही संख्या आज जगभर कापरेकरांच्या नावाने ओळखली जाते. आठवड्यातून अर्धा तास तरी अभ्यासक्रमाबाहेरचे असे काही मुलांनी करावे. भूक लागलेली असली की रोजचे जेवणही गोड लागते.

रघुनाथराव गणितापुरते राहिले नाहीत. १९२१ ते १९२३ या काळात ते मुंबई इलाख्याचे शिक्षणमंत्री होते. पुढे १९३२ साली ते लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आपल्या प्रांतात आले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. १९४४ ते १९४७ या काळात त्यांनी ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त म्हणून काम केले. धर्म, रूढी, राजकारण या सर्व क्षेत्रांत प्रत्येक विधानाला पुरावा मागणारे बुद्धिवादी म्हणून ते ओळखले जात. त्यांची सर्व मते सर्वांना पटली नाहीत. पण पायरी सिद्ध झाल्याशिवाय पुढे न जाण्याची गणितातील सवय त्यांनी जीवनातही सोडली नाही, हे विरोधकांनाही मान्य करावे लागे. १९६१ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. चौऱ्याऐंशी वर्षे होऊनही आपण अद्याप बाद झालो नाही, असा क्रिकेटच्या भाषेतील खेळकर अर्थ त्याच्या नावात होता. ६ मे १९६६ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली.

या चरित्राचे सार काय? परांजप्यांची बुद्धी असामान्य होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रत्येक मूल सीनियर रँग्लर होणार नाही आणि तशी गरजही नाही. पण ती बुद्धी मुर्डीच्या आगरातच राहून गेली असती, जर एका थोरल्या भावाने त्या मुलाला हात धरून मुंबईस नेले नसते, रोजचा अभ्यास हा त्या घराचा धर्म नसता, आणि वाटेत भेटलेल्या शिक्षकांनी त्याच्या वहीकडे लक्ष दिले नसते. बारावीचे गणित उत्तम रीतीने पार पाडण्यासाठी असामान्य बुद्धी लागत नाही. पक्का पाया, रोजचा तास, स्वतःची झुंज, चुकांची वही आणि पाठीशी उभे असलेले एक माणूस, एवढे पुरते.

शाळा साठ वर्षांची झाली. या साठ वर्षांत किती अर्जांवर आम्ही घाईने सह्या केल्या असतील, याचा हिशेब कोठेही लिहिलेला नाही. पुढील काळासाठी मात्र मी एक नियम घालून घेतला आहे. गणित सोडण्याचा अर्ज घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्याने सोबत आपली वही आणावी. ती आम्ही दोघांनी मिळून पाहावी, चुका कोठे सुरू झाल्या ते पान शोधावे आणि तेथून सहा आठवडे पुन्हा प्रयत्न करावा. त्यानंतरही विषय बदलावासा वाटला, तर तो निर्णय आनंदाने मान्य होईल. कारण तो भीतीतून घेतलेला नसेल. त्या माजी विद्यार्थिनीची मुलगी यंदा अकरावीत आली आहे. पहिल्या चाचणीत तिला गुण कमीच मिळाले. तिची वही सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि दर शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही ती उघडतो.